जुन्या ट्रकाचें इंजिन सुरक्षितपणें कसें काढावें

शेतमाल पेठेंत नेण्याचें काम बैलगाडीच्या जोडीनें मोटार करूं लागली त्यास आतां फार काळ लोटला आहे. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें परदेशांतून आलेल्या सुट्या भागांपासून मोटारी जुळविण्याचा कारखाना सुरू केला. पुढें १९५४ सालीं टाटा कंपनीनें जर्मनींतील डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपूर येथें ट्रक बांधण्यास आरंभ केला. हें सहकार्य १९६९ सालीं संपलें, तरी त्या घडणीचे लांब नाकाचे दणकट ट्रक त्यानंतरही पुष्कळ वर्षें आपल्याकडील ऊंस, कांदा व कापूस वाहत राहिले. असा एखादा ट्रक ज्यांच्या वाड्यांत अजून उभा आहे, किंवा ज्यांनीं तो हौसेनें दुरुस्त करून ठेवण्याचें मनांत आणलें आहे, त्यांस केव्हां ना केव्हां त्याचें इंजिन बाहेर काढण्याचा प्रसंग येतो.

खेड्यांत हें काम बहुधा झाडाच्या फांदीस नाहीं तर गोठ्याच्या तुळईस साखळी बांधून, चार माणसांचा जोर लावून उरकलें जातें. पुष्कळ वेळां तें निर्विघ्न पार पडतें, आणि त्यामुळेंच त्यांतील धोका दिसेनासा होतो. परंतु पांच क्विंटल लोखंड कमरेइतक्या उंचीवरून सुटलें तर खालीं असलेला हात अथवा पाय वाचत नाहीं. आणि तो हात बहुतकरून घरच्याच मुलाचा किंवा सालदाराचा असतो. म्हणून हें काम कोणत्या क्रमानें व कोणत्या खबरदारीनें करावें याचें विवेचन येथें करण्याचें योजिलें आहे. सर्व सूचनांचें सार मात्र आरंभींच सांगून ठेवितों: टांगलेल्या साखळीवर या क्षणीं किती भार आहे व तो कशाचा आहे, हें ठाऊक झाल्यावांचून तिला आणखी ताण देऊं नये.

इंजिन काढण्याची गरज आहे काय?

कामास हात घालण्यापूर्वीं हा प्रश्न मिस्त्र्यास अवश्य विचारावा. क्लचची पट्टी बदलावयाची असेल तर बहुतेक ट्रकांत केवळ गिअरबॉक्स मागें सरकवून तें काम होतें. जुन्या डिझेल ट्रकांपैकीं पुष्कळांत वरचें हेड व खालची तेलाची पेटी काढून पिस्टन, रिंगा आणि लायनर हे जागेवरच बदलतां येतात. क्रँकशाफ्ट खराद्यावर द्यावयाचा असेल, ब्लॉकास चीर गेली असेल, अथवा इंजिनच बदलावयाचें असेल, तेव्हां मात्र तें बाहेर काढण्यावांचून गत्यंतर नाहीं. जें उचलावें लागत नाहीं तें पडण्याचेंही भय नाहीं, हें व्यवहाराचें सूत्र येथें विसरूं नये.

भाराचा अंदाज

पांच ते सहा लिटर क्षमतेचें सहा सिलिंडरांचें जुनें डिझेल इंजिन, गिअरबॉक्स वगळून, सर्वसाधारणपणें ४०० ते ६०० किलो भरतें. कांद्याच्या पन्नास किलोंच्या आठ ते बारा गोण्या एका आंकड्यास टांगल्या आहेत अशी कल्पना केली म्हणजे हा भार ध्यानांत येईल. गिअरबॉक्ससह इंजिन काढावयाचें असल्यास त्याचें वजन निराळें धरावें लागतें. आपल्या इंजिनाचें नेमकें वजन त्या ट्रकाच्या माहितीपुस्तकांत मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास अंदाज नेहमीं चढा धरावा, आणि उचलण्याचें साधन त्या अंदाजाच्या निदान दुप्पट क्षमतेचें घ्यावें. म्हणजे ५०० किलोंच्या इंजिनास एक टनाची चेनकप्पी ही किमान मर्यादा होय. दोन टनांची मिळाल्यास तीच आणावी.

ही दुप्पट क्षमता चैनीखातर सांगितलेली नाहीं. एखादा बोल्ट काढावयाचा राहून गेला तर साखळी इंजिनाबरोबर ट्रकाचें सारें तोंडही उचलूं लागते, आणि मग तिच्यावर येणारा भार इंजिनाच्या वजनाहून कितीतरी वाढतो. शिवाय तो बोल्ट अकस्मात् तुटला तर ताणलेली साखळी इंजिनास एकदम वर व बाजूस झुकांडी देते. पुष्कळ अपघातांचें मूळ साखळीच्या कमकुवतपणांत नसून या राहून गेलेल्या जोडणींत असतें.

इंजिन टांगावें कशास?

झाडाची फांदी या कामीं सर्वथा वर्ज्य समजावी. फांदी वरून कितीही जाड व हिरवी दिसली तरी तिच्या बेचक्यांत पोकळी किंवा कीड आहे कीं नाहीं हें बाहेरून कळत नाहीं, आणि ती मोडण्यापूर्वीं सूचनाही देत नाहीं.

गोठ्याच्या किंवा छपराच्या तुळईसंबंधानें थोडा विचार अधिक करावा लागतो. छपराचा भार तुळईच्या साऱ्या लांबीवर पसरलेला असतो. इंजिनाचा भार मात्र मध्यावर एकाच ठिकाणीं येतो. तितकाच भार पसरून ठेवला असतां तुळईवर जो वांकविण्याचा जोर येतो, त्याच्या दुप्पट जोर तो मध्यावर एका ठिकाणीं टांगल्यानें येतो. म्हणजे जी तुळई वर्षानुवर्षें छप्पर पेलून आहे ती त्याच वजनाचें इंजिन पेलीलच असें नाहीं. आणि छपराचें ओझें तर तिच्यावर आधींपासूनच असतें. तुळईची लांबी दुप्पट झाली कीं तिची ताकद निम्मी होते. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर मात्र ती चौपट होते. एवढें सर्व खरें असलें तरी जुन्या लांकडांतील वाळवी व गांठी हिशेबांत धरतां येत नाहींत. म्हणून घराच्या तुळईस इंजिन टांगूं नये हाच सरळ नियम बरा.

विंधनविहिरींतील पंप काढण्यासाठीं जी तीन पायांची लोखंडी घोडी व चेनकप्पी वापरतात, ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. योग्य क्षमतेची असल्यास ती या कामीं चांगली उपयोगी पडते. तिचा दोष एवढाच कीं भार येतांच तिचे पाय बाहेरच्या बाजूस पसरूं पाहतात. यास्तव तिन्ही पाय खालच्या बाजूस साखळीनें एकमेकांस जखडावे, आणि मऊ जमीन असल्यास प्रत्येक पायाखालीं जाड फळी किंवा लोखंडी पत्रा द्यावा. ओढ नेहमीं सरळ खालीं असावी. घोडीस टांगलेलें इंजिन बाजूस ओढलें तर घोडी उलटते.

घोडीची उंची आधीं मापून घ्यावी. उदाहरणादाखल, चेसिसची पुढची आडपट्टी जमिनीपासून ३ फूट, इंजिनाची उंची साडेतीन फूट, बांधलेल्या साखळीची उंची २ फूट व कप्पीची दोन आंकड्यांमधील लांबी दीड फूट असेल, तर कप्पी टांगण्याची जागा निदान १० फूट उंच हवी, आणि त्यावर वीतभर मोकळीक हवी. हा हिशेब न केल्यास इंजिन अर्धवट वर येऊन अडकतें आणि तेथेंच टांगून राहतें. याहून वाईट अवस्था नाहीं.

चाकांची यारी, म्हणजे हातानें दाब देऊन चालणारी गॅरेजांतील क्रेन, भाड्यानें मिळत असेल तर तिचा उपयोग करावा. परंतु तिचा हात जसजसा लांब करावा तसतशी तिची क्षमता घटते. जी यारी हात आंखूड असतां दोन टन उचलते तीच हात पूर्ण लांब केल्यावर पुष्कळदां अर्धाच टन उचलूं शकते. हाताच्या प्रत्येक भोकाशीं जो आंकडा लिहिलेला असतो तो वाचूनच भार टांगावा. यारीचीं लहान चाकें मातींत रुततात. तीं फरशीवर अथवा जाड पत्र्यावरच चालवावीं.

अलीकडे माती उकरण्याच्या यंत्राच्या दांत्यास साखळी अडकवून इंजिन उपटण्याचा प्रघात पडूं लागला आहे. दांत्यावरून साखळी घसरते, आणि यंत्राच्या प्रचंड जोरापुढें राहून गेलेल्या बोल्टाची खबर चालकास लागतच नाहीं. ज्या यंत्रास कारखान्यानेंच उचलण्याची कडी व तिची क्षमता दिलेली आहे, तेवढ्याचाच अपवाद करावा.

साखळी, कड्या व कोन

काथ्याचा किंवा सुताचा दोर, मोटारी ओढण्याचा पट्टा, अथवा बैलाची साखळी यांपैकीं कांहींही इंजिन उचलण्यास चालत नाहीं. वजन उचलण्यासाठींच बनविलेली व क्षमता कोरलेली साखळी आणावी. तिला गांठ मारूं नये, आणि मध्येंच बोल्ट घालून तिचे दोन तुकडे जोडूं नयेत. आंकड्यास साखळी निसटूं न देणारी पट्टी असावी.

बहुतेक डिझेल इंजिनांच्या हेडवर पुढें व मागें उचलण्याच्या कड्या असतात. त्या असतील तर त्यांसच साखळी लावावी. नसतील तर ब्लॉकाच्या अथवा हेडच्या भक्कम भोकांत बोल्टानें जाड पट्टी बसवून घ्यावी. बोल्ट चांगल्या पोलादाचा, म्हणजे निदान डोक्यावर ८.८ असा अंक असलेला, असावा. आणि त्याची आंट बोल्टाच्या जाडीच्या निदान दीडपट आंत गेलेली असावी. धुराड्याचा मॅनिफोल्ड, डिझेलच्या नळ्या, व्हॉल्व्हचें झांकण किंवा तेलाची पेटी यांस साखळी कदापि गुंडाळूं नये.

दोन फाट्यांच्या साखळीनें ५०० किलोंचें इंजिन उचललें तर प्रत्येक फाट्यावर २५० किलो येतील असें सहज वाटतें, पण तें खरें नव्हे. फाटा आडव्या रेषेशीं ६० अंशांचा कोन करीत असेल तर प्रत्येकावर सुमारें २८९ किलो ताण येतो. ४५ अंशांस ३५४ किलो येतो. ३० अंशांस पुरे ५०० किलो येतो. आणि साखळी ताठ आडवी होऊन १५ अंश राहिले तर सुमारें ९६६ किलो येतो. तोच ताण कड्यांस आंतल्या बाजूस ओढून बोल्ट वांकवितो. कोन मापण्याचें साधन नसल्यास सोपी खूण अशी कीं, दोन कड्यांमध्यें जेवढें अंतर असेल निदान तेवढी प्रत्येक फाट्याची लांबी ठेवावी. म्हणजे कोन ६० अंशांहून कमी होत नाहीं.

इंजिनाचें मागचें टोंक फ्लायव्हीलमुळें जड असतें. म्हणून आंकडा मधोमध नव्हे, तर किंचित् मागें यावा. नेमकी जागा पहिल्या इंचभर उचलण्यांतच कळून येते.

पूर्वतयारी

ट्रक सपाट व घट्ट जागीं उभा करावा. मागील चाकांस दोन्ही बाजूंनीं लांकडाच्या अथवा दगडाच्या उट्या लावाव्या. हातब्रेकवर विसंबूं नये. वाऱ्याचे अथवा निर्वाताचे ब्रेक असलेल्या ट्रकांत ब्रेकास जोर देणारा पंप इंजिनावरच चालतो. इंजिन गेलें कीं पायाच्या ब्रेकाचा तो जोरही गेला. हें ध्यानांत न ठेवल्यामुळें रिकामा ट्रक उतारावर निघून जातो.

प्रथम बॅटरी सोडवावी. जी तार चेसिसला जोडलेली असते ती आधीं काढावी, दुसरी मागाहून. म्हणजे पाना चुकून लोखंडास लागला तरी ठिणगी पडत नाहीं. इंजिन पूर्ण निवल्यावरच रेडिएटरचें झांकण उघडून पाणी सोडावें. त्यानंतर तेल काढावें, डिझेलची तोटी बंद करावी आणि हवेच्या टाकींतील दाब सोडून द्यावा. डिझेलच्या उघड्या नळ्यांचीं तोंडें स्वच्छ फडक्यानें बांधावीं, कारण तेथें गेलेला धुळीचा कण पुढें पंप व नोझल खातो. सांडलेल्या डिझेलवर माती टाकावी, आणि कामाच्या जागीं विडी पिऊं नये.

मग बॉनेट, रेडिएटर, पंखा व पुढील जाळी काढावी. पुढची आडपट्टी बोल्टांनीं बसविलेली असेल तर तीही काढावी. म्हणजे इंजिन कमी उंचीनें निघतें. प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी, आणि सोडविण्यापूर्वीं भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावें. प्रत्येक जागेचे बोल्ट निराळ्या डब्यांत ठेवावे. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशींच पातळ तेल सोडून ठेवल्यास दुसऱ्या दिवशीं हातोड्याची गरज फारशी उरत नाहीं.

गिअरबॉक्सचा आधार

इंजिन एकटेंच काढावयाचें असेल तर मागें राहणारा गिअरबॉक्स निराधार होतो. त्याचा पुढें आलेला दांडा क्लचच्या पट्टींत शिरलेला असतो. गिअरबॉक्सचें सारें वजन त्या दांड्यावर लोंबकळलें तर पट्टीचें मधलें चाक वांकतें, आणि नवी पट्टी घातल्यावरही क्लच थरथरत राहतो. यास्तव जोडणीचे बोल्ट सोडण्यापूर्वींच गिअरबॉक्सास आधार द्यावा.

हा आधार कोठून द्यावा यांत एक मेख आहे. घोडी वापरली असतां इंजिन वर उचलून जागेवर ठेवितात व ट्रक मागें ढकलतात. अशा वेळीं गिअरबॉक्स जमिनीवरील जॅकवर टेकलेला असेल तर ट्रक हलवितांच जॅक आडवा होऊन गिअरबॉक्स खालीं येईल. म्हणून चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर आडवा भक्कम लोखंडी दांडा टाकून त्यास साखळीनें गिअरबॉक्स टांगावा. म्हणजे तो ट्रकाबरोबरच मागें जातो. यारीनें इंजिन पुढें ओढून घ्यावयाचें असेल तर मात्र खालून जॅक व लांकडी ठोकळे चालतात.

उचलण्याची घटका

आज्ञा देणारा मनुष्य एकच असावा, आणि «थांब» म्हणण्याचा अधिकार मात्र सर्वांस असावा. मुलें व बघे यांस दूर करावें. टांगलेल्या इंजिनाखालीं हात, पाय किंवा डोकें कोणत्याही कारणासाठीं जाऊं देऊं नये. पडलेला पाना उचलण्यासाठींही नाहीं.

प्रथम साखळी नुसती ताठ करावी. मग इंजिनाच्या आधारांचे व गिअरबॉक्स-जोडणीचे बोल्ट काढावे. नंतर इंजिन फक्त इंचभर उचलून थांबावें. या वेळीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, भार धरून कप्पी स्थिर राहते कीं हळूहळू घसरते. चेनकप्पींत घर्षणाच्या चकत्यांचा ब्रेक असतो. भाराच्याच जोरानें त्या आवळल्या जातात, म्हणून हात सोडला तरी ओझें खालीं येत नाहीं. त्या चकत्यांस कोणी तेल लावलें असेल तर हा गुण नाहींसा होतो. दुसरी गोष्ट, इंजिन समतोल आहे कीं एका अंगास झुकतें. तिसरी, कोठें कांहीं अडकलें आहे काय. क्लचचा दांडा, वेग वाढविण्याची तार, चेसिसला जोडलेली जाड विद्युत्-तार, धुराड्याची नळी व पंपाकडे जाणारी नळी या नेहमीं राहून जाणाऱ्या वस्तु होत.

येथें एक खूण सर्वांत मोलाची आहे. योग्य क्षमतेच्या चेनकप्पीची हातसाखळी एका माणसानें सहज ओढतां येते. ती ओढण्यास दुसऱ्याची मदत लागली कीं समजावें, इंजिन कशास तरी अडलें आहे, अथवा भार कप्पीच्या शक्तीबाहेर आहे. अशा वेळीं दुसरा मनुष्य बोलावूं नये; साखळी सैल करून अडसर शोधावा. कप्पी आपल्याशीं बोलत असते, ती या भाषेंत.

अडसर नाहीं अशी खात्री झाल्यावर इंजिन सरळ पुढें घ्यावें, आणि गिअरबॉक्सचा दांडा पूर्ण सुटेपर्यंत तें तिरपें होऊं देऊं नये. मग चार-चार बोटें उचलावें, थांबावें, पाहावें व पुन्हां उचलावें. गिअरबॉक्ससह काढतांना पुढचें टोंक वर व मागचें खालीं ठेवावें लागतें. त्यासाठीं मागील फाटा लांब ठेवावा, आणि गिअरबॉक्सास दोर बांधून एकानें दुरून सांवरावें.

ट्रक मागें ढकलावयाचा असल्यास उट्या काढल्यावरही दोन माणसें त्या हातांत घेऊन चाकांपाशीं, परंतु चाकांच्या वाटेबाहेर, तयार असावीं. ट्रक सुटतांच इंजिन त्वरित खालीं आणावें. जेवणासाठीं, चहासाठीं किंवा नवा पाना आणण्यासाठीं तें टांगून ठेवूं नये. खालीं ठेवण्याची बैठक अगोदरच तयार असावी: ब्लॉकाच्या दोन्ही अंगांस व फ्लायव्हीलच्या घरास आधार देणारे लांकडी ओंडके किंवा लोखंडी स्टँड. तेलाच्या पातळ पेटीवर इंजिन टेकवूं नये. ती चेपते व इंजिन कलंडतें. इंजिन बैठकीवर हलत नाहीं हें पाहूनच साखळी सोडावी.

समारोप

या कामांत लागणारा अधिक वेळ फार तर एका दिवसाचा, आणि अधिक खर्च चांगल्या साखळीच्या व कप्पीच्या भाड्याचा. उलट बाजूस कुटुंबांतील कर्त्या माणसाचे हात आहेत. ज्यांच्याजवळ योग्य घोडी नाहीं, सपाट जागा नाहीं, किंवा भाराचा निश्चित अंदाज नाहीं, त्यांनीं ट्रक ओढून तालुक्याच्या गॅरेजांत न्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. जे घरीं हें काम करतील त्यांनीं भार मापावा, आधार आधीं द्यावा, अडलें तर ओढूं नये, आणि टांगलेल्या लोखंडाखालीं क्षणभरही जाऊं नये. एवढें पाळणाऱ्याचें इंजिन जसें खालीं येतें तसेंच, त्याच माणसांच्या हातांनीं, पुन्हां जागेवर बसतें.